मुलांना भुताखेताची पुस्तकं : कोणती, कधी, आणि द्यावी का?

संत्राबर्फी :
नमस्कार मंडळी. मी नागपुरात मनीष नगरला राहते, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. परी, ससा, माकड सगळं वाचून झालं आणि आता बाईसाहेबांची फर्माईश आहे की मम्मी मला खरंच भीती वाटेल असं पुस्तक पाहिजे, नकली भीतीवालं नको. नकली भीतीवालं म्हणजे ज्यात शेवटी भूत चांगलंच निघतं आणि सगळे मिळून केक खातात. ते तिला बोर होतं.

घरात पार्ट्या पडल्या आहेत. नवरा म्हणतो दे ना, आम्ही काय कमी ऐकलं का. सासूबाई म्हणतात रात्री पोरगी उठून बसली तर कोण पाहणार (मीच पाहते, तो भाग वेगळा). आणि सासरे काटोलकडचे, त्यांच्याकडे विहिरीतली बाई, पिंपळावरचा मुंजा, रस्ता चुकवणारा चकवा असा भरपूर स्टॉक आहे, ते फक्त वाट पाहून राहिले की मी कधी हो म्हणते.

मुलगी मराठी मीडियमची आहे (हो, अजून असतात अशी मुलं), त्यामुळे मराठी पुस्तकं असतील तर आधी ती सांगा, इंग्रजी असेल तर मी वाचून दाखवीन. पण मुळात द्यावं का आणि काय पाहून द्यावं हे मला समजून नाही राहिलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत, लवकर सांगा.

तर्रीपोहा :
सासरेबुवांना हो म्हणा आणि आम्हालाही बोलवा. चटई मी आणतो.

कूलरसमोर_पडलेला :
काय दिवस आठवून दिले ताई. मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायच्या, लाईट गेली की मोठा चुलतभाऊ सुरू व्हायचा. त्याचं एकच भूत होतं पण ते दरवर्षी घर बदलायचं. एका वर्षी महालातल्या पडक्या वाड्यात, एका वर्षी सिव्हिल लाईन्सच्या बंद बंगल्यात, आणि एका वर्षी त्या नालायकानं ते थेट आमच्या जिन्याखाली आणून बसवलं. त्या वर्षी गच्चीवरून खाली बाथरूमला एकटं कोणी गेलं नाही, काय काय झालं ते विचारू नका. पण वाया नाही गेलो आम्ही. आज सगळे नोकरीधंद्याला आहेत. द्या बिनधास्त.

रामटेकची_मावशी :
"आम्ही वाया नाही गेलो" हे कारण मला कधी पटत नाही भाऊ. आम्ही स्कूटरवर पुढे उभं राहून पण फिरलो आहोत, म्हणून आता मुलांना फिरवायचं का? माझ्या मुलाला कोणीतरी शाळेच्या बसमध्ये फोनवर असला एक व्हिडिओ दाखवला, शांत रस्ता दाखवतात आणि मग एकदम चेहरा अंगावर येतो तो. तेव्हा तो दुसरीत होता. पुढे कितीतरी महिने आरशासमोर दात घासायचा नाही, पाठ करून घासायचा. माझं मत, दहाच्या आत काहीच नको.

निळीशाई :
मावशी, तुम्ही सांगताय ते पुस्तकाचं नाही, व्हिडिओचं आहे, आणि दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. व्हिडिओचा वेग पोराच्या हातात नसतो, चेहरा कधी येणार हे तो ठरवत नाही. पुस्तकात पान उलटायचं की नाही हे पोरगं ठरवतं, नकोसं झालं की मिटवतं, पुढचं पान आधी चोरून पाहतं. माझा भाचा तर भीतीचं पुस्तक शेवटाकडून वाचतो, म्हणतो आधी पाहून घेतो सगळे वाचले का.

मी पंधराएक वर्षं लहान मुलांची पुस्तकं जमवतेय, त्यावरून लिहिते, जरा लांबेल.

एक, आधी स्वतः पूर्ण वाचा. मागचं कव्हर नव्हे, पूर्ण. दोन, चित्रं वेगळी पाहा. शब्दापेक्षा चित्र जास्त भेवाडतं, कारण शब्द वाचून पोरगं स्वतःला झेपेल एवढंच भूत डोक्यात तयार करतं, चित्रात मात्र चित्रकाराचंच भूत घ्यावं लागतं. अमेरिकेत १९८१ ला लोककथांवरून केलेलं मुलांसाठी भीतीच्या गोष्टींचं एक पुस्तक आलं, स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क, त्यातल्या गोष्टी अगदी साध्या, पण स्टीफन गॅमेलची चित्रं अशी की मोठे पण दचकतील. २०११ च्या आवृत्तीत प्रकाशकांनी ती काढून सौम्य चित्रं टाकली, तर ज्यांनी लहानपणी ती पाहून रात्री जागवल्या होत्या तेच लोक मोठे होऊन भांडायला आले, आणि पुढे जुनी चित्रं परत आणावी लागली. म्हणजे मुलांना ती भीती हवी पण होती. तरी आठ वर्षांच्या मुलीला मी ते देणार नाही, बारानंतर बघा.

गूजबंप्स मालिका तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. १९९२ ला सुरू झाली, पहिल्याच मालिकेत ६२ पुस्तकं. साहित्य म्हणून ठीकठाक, पण भीतीची शाळा म्हणून छान आहे, कारण प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपतं आणि पुढच्या पानावर बहुतेक वेळा तो भावाचा चावटपणा निघतो. पोरगं आठ-दहा प्रकरणांत ती ट्रिक ओळखतं आणि मग लेखकालाच पकडायला लागतं. नऊनंतर, इंग्रजी जमत असेल तर.

मराठीत लहान मुलांसाठी खास भीतीची पुस्तकं कमी आहेत, हे खरं दुखणं आहे. आपल्याकडे एकतर अगदी गोग्गोड, नाहीतर थेट मोठ्यांचं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींची भयकथा-गूढकथा मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, घरात कपाटात आहे म्हणून पोराच्या हातात देऊ नका, मतकरींच्या गोष्टींत तर भूत कमी आणि माणसं जास्त भयंकर असतात. पण तेच मतकरी मुलांसाठी लिहायला बसले तर अलबत्या गलबत्याची चेटकीण उभी करतात. बालनाट्य आहे ते, पहिल्यांदा दिलीप प्रभावळकरांनी ती चेटकीण केली होती, अलीकडे २०१८ ला परत आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. मी प्रयोग पाहिलाय, अख्खं थिएटर एकाच वेळी किंचाळतं आणि हसतं. शेजारी आई बसलेली आणि चेटकिणीच्या आवाजात सरळसरळ पुरुष दिसतोय, त्यामुळे पाच वर्षांचं पोरगं पण टिकतं. प्रयोग लागला तर तिथून सुरुवात करा.

तर्रीपोहा :
दोन म्हणेपर्यंत नीट मोजून राहिले होते, मग गाडी सुटली.

निळीशाई :
आधीच सांगितलं होतं लांबेल म्हणून.

विवेकी_विदर्भ :
धाग्याच्या मूळ प्रश्नालाच माझा विरोध आहे. ज्या नागपुरातून १९८२ ला अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम सुरू झालं त्याच नागपुरात आपण मुलांना कोणतं भूत द्यावं यावर चर्चा करतोय. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडलं. आजही आपल्या विदर्भातल्या खेड्यांत करणी केली म्हणून बायामाणसांना मारहाण होते, गावाबाहेर काढतात. ते करणारे लोक आकाशातून पडले नाहीत, त्यांनी लहानपणी ह्याच गोष्टी ऐकल्या होत्या. विज्ञानकथा द्या, साहसकथा द्या, तिथंही थरार असतो.

कूलरसमोर_पडलेला :
भाऊ गोष्ट ऐकून कोणी करणी करत नाही. मी लहानपणी उंदीर-मांजराचं कार्टून पाहिलं म्हणून मांजराच्या डोक्यात तवा नाही घातला.

विवेकी_विदर्भ :
उंदीर तवा मारतो यावर तुमच्या आजीचा विश्वास नव्हता. मुंजावर होता. हा फरक आहे.

निळीशाई :
हा मुद्दा बरोबर आहे आणि मी यातूनच एक गाळणी काढली आहे. ज्या पुस्तकावर "सत्य घटनेवर आधारित" असं काही लिहिलंय ते लहान मुलांसाठी बाद. गोष्ट सांगणाऱ्यानं "मी स्वतः पाहिलं" म्हटलं की ती गोष्ट राहत नाही, साक्ष होते. आणि पत्ता पण पाहायचा. एक होतं आटपाट नगर, ठीक. आपल्या गल्लीच्या टोकाचा पिंपळ, नको. जिन्याखालचं भूत का चावलं ते बघा ना वर.

काटोल_रोड :
नाही पटलं. पत्ता काढून टाकला तर गोष्टीत उरलं काय? आमच्या आजोबांच्या गोष्टीत वावर आमचं, धुरा (शेताचा बांध) आमचा, बैल आमचे, म्हणून तर अंगावर काटा यायचा. चकवा लागला की माणूस रातभर त्याच धुऱ्यावर फिरतो आणि सकाळी पाहतो तर घराच्याच मागं उभा. त्यावर उपाय पण सांगायचे, खाली बसायचं, बिडी पेटवायची, उजाडायची वाट पाहायची. आता मी मोठा झाल्यावर समजलं की अंधारात रस्ता चुकला तर घाबरून पळू नको, बसून राहा, हेच ते शिकवून राहिले होते. आटपाट नगरात काय शिकणार?

रामटेकची_मावशी :
बिडी सोडून बाकी मान्य.

डॉ_पिंपळपान :
लहान मुलांची डॉक्टर आहे, धंतोलीत बसते, गोष्टींतलं मला फार कळत नाही पण झोपेबद्दल लिहिते कारण पालक दोन गोष्टींची गल्लत करतात.

एक असतं वाईट स्वप्न. ते बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात पडतं, मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला बिलगतं, काय दिसलं ते सांगू शकतं, सकाळी आठवतंही. त्याचा संबंध दिवसा पाहिल्या-वाचलेल्याशी असू शकतो. दुसरं असतं झोपेतलं किंचाळणं. झोप लागल्यावर तास-दोन तासांत, गाढ झोपेतून मूल एकदम उठून बसतं, ओरडतं, घाम येतो, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी काहीच आठवत नाही. दुसरं दिसायला फार भयंकर, पण त्याचा गोष्टीशी सहसा संबंध नसतो, जास्त दमणूक, ताप, अपुरी झोप ही कारणं असतात. त्या वेळी हलवून उठवू नका, पडणार-लागणार नाही एवढं पाहा, आपोआप झोपतं. आजीलाही हे सांगा, कारण ओपीडीत दृष्ट काढून झाल्यावरच लोक माझ्याकडे येतात.

वयाचं म्हणाल तर साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला खरं आणि गोष्टीतलं यातली रेघ पक्की नसते, दिसायला भयानक ते भयानक. तुम्ही शंभरदा सांगा की तो मुखवटा आहे, त्याला तो दिसतोच ना. आठच्या पुढे भीती बदलते. आता राक्षस चालतो, पण चोर, आग, अपघात, आई-बाबा न परतणं ह्याची भीती वाटते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला एखादी हडळ पचेल आणि त्याच पुस्तकात आई हॉस्पिटलमध्ये गेली एवढंच वाक्य झोप उडवेल. पालक भूत शोधत बसतात, मूल भलत्याच ओळीला घाबरतं.

संत्राबर्फी :
डॉक्टर, शेवटचं वाक्य अगदी घरचं वाटलं. मागं तिनं एक पुस्तक अर्ध्यात सोडलं होतं, मला वाटलं राक्षसामुळे. विचारलं तर म्हणे त्यातलं कुत्रं हरवतं आणि पुढे कोणी त्याचं नावच काढत नाही.

सावजी_नंबर_वन :
माझं साधं गणित आहे. सावजी रस्सा कोणी पोराला पहिल्या दिवशी वाटीभर देतं का? आधी पोळी बुडवून, मग चमचाभर, मग

तर्रीपोहा :
ह्या साइटवर असा एक तरी धागा आहे का ज्यात तुम्ही सावजी नाही आणलं? परवा होम लोनच्या धाग्यात पण रस्सा होता.

सावजी_नंबर_वन :
तिथंही लागू पडतं ते.

झेडपीवाली_बाई :
मी उमरेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, चौथीचा वर्ग. माझा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे.

पावसाळ्यात एकदा लाईट नव्हती, अंधारून आलेलं, पोरं म्हणे मॅडम भुताची गोष्ट. मी सांगितली एक, मेलेली आजी रात्री येऊन नातवाला पांघरूण घालते अशी, मला ती मायेची वाटत होती. सगळी पोरं गप्प बसून ऐकत होती. सुटल्यावर एक मुलगा थांबला. त्याचे वडील उन्हाळ्यात गेले होते, मला माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं आलं. त्यानं विचारलं, मॅडम ती आजी किती दिवसांनी आली? मी काय बोलणार. मी म्हटलं ती गोष्टीतली आजी आहे रे, खरं कोणी येत नाही. तो म्हणाला हो ना, मला वाटलंच, आणि दप्तर घेऊन गेला. घाबरलेला नव्हता तो अजिबात. आशा लागली होती त्याला. त्यामुळे माझं म्हणणं असं की वर्गात किंवा वाढदिवसाला दहा मुलं गोळा करून सांगत असाल तर कोणाच्या घरात काय झालंय हे आधी बघा. घरी एकट्या मुलीला वाचून दाखवताना हा प्रश्न कमी येतो.

दुसरी बाजू. त्यानंतर मी पोरांना म्हटलं तुम्हीच भुताच्या गोष्टी लिहा. तर काय एकेक भूत आलं! एका भुताला आधार कार्ड नाही म्हणून राशन मिळत नाही. एक भूत शाळेत रात्री राहतं आणि रोज पोषण आहाराची उरलेली खिचडी खातं, त्याला पण कंटाळा आलाय. एकीची हडळ पाय उलटे असल्यामुळे चप्पल शिवून घ्यायला चांभाराकडे जाते आणि तो म्हणतो टाच कुठं धरू. विवेकी भाऊ, ही पोरं भुतावर विश्वास ठेवतील असं मला तरी वाटत नाही, ज्याची चप्पल शिवली त्याला कोण भेतं?

विवेकी_विदर्भ :
खिचडीवालं भूत आवडलं. हे करायला माझी हरकत नाही, नोंद घ्या.

कऱ्हांडल्याजवळचा :
आमच्याकडं पोट्टे भुताले नाही भेत, वाघाले भेतात. सकाळी शाळेत घोळक्यानं जा लागते, मोहफुलं येचाले गेलेल्या बायांचं आयकून राहतात रोज. तुमी शहरातले लोक भीती इकत घेऊन राहिले पुस्तकातून, आमच्या इथं फुकट आहे. तरी पण सांगतो, माह्या पोराले जंगलातल्या भुताची गोष्ट लय आवडते. कारन भुताले मारता येते गोष्टीत. वाघाचं तर आपल्या हाती काईच नाही.

काटोल_रोड :
वा भाऊ. धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

रामटेकची_मावशी :
+१. आणि आठवलं, आपण तीन वर्षांच्या पोराला जी पहिली गोष्ट सांगतो त्यात तरी काय आहे? म्हातारी लेकीकडे चाललीय आणि वाटेत वाघोबा तिला खायला बसलाय. मी दहाच्या आत नको म्हणाले होते पण भोपळ्याची गोष्ट मीच सांगितली आहे आणि पोरं अजून मागतात, वाघाचा आवाज काढ म्हणतात. म्हणजे हरकत भीतीला नाही, माझी हरकत बहुतेक त्या व्हिडिओलाच आहे.

जास्वंद_७ :
एक वेगळा मुद्दा. पुस्तक निवडताना भूत कोण आहे ते पण बघा. हडळ, जखीण, चेटकीण, लावसट, आपल्याकडची यादी काढा, निम्म्याहून जास्त बायकाच, आणि त्यातही बाळंतपणात मेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या. जिवंतपणी छळायचं आणि मेल्यावर पोरांना तिचंच भेव दाखवायचं. करणी करते म्हणून मार खाणारी पण बाईच असते, ते विवेकी भाऊंनी लिहिलंच आहे. फक्त आपलंच असं नाही, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती, पुढे १८१९ ला तिची सावत्र आई केली. म्हणजे आई दुष्ट दाखवणं जड गेलं, मग सावत्र आईवर ढकललं. मी मुलीला असली पुस्तकं वाचून दाखवते, बंद नाही केली, पण मध्येच विचारते की ही अशी का झाली असेल गं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

कूलरसमोर_पडलेला :
मुंजा आहे ना पुरुष. वेताळ, खवीस, ब्रह्मराक्षस, सगळे पुरुष.

जास्वंद_७ :
हो, आणि वेताळाची पालखी निघते, ब्रह्मराक्षसाला विद्या येते. हडळीच्या वाट्याला काय, उलटे पाय.

इतवारीचा_जुना :
नागपूरचा धागा आणि अजून मारबत कोणी काढली नाही म्हणून लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडं काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून निघते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, मारबत म्हणजे राक्षसिणीचा भलामोठा पुतळा, दोघींची नेहरू पुतळ्याजवळ भेट होते, लोक ओरडतात की ईडा पीडा रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. ह्याला लोक तान्ही लेकरं खांद्यावर घेऊन आणतात, दर्शन घेतात.

आम्ही पोरं आधीचे कितीतरी दिवस ती बनताना पाहायचो. आधी नुसता बांबूचा सांगाडा, मग कागद, मग रंग, डोळे सगळ्यात शेवटी. डोळे रंगवले की मी त्या बाजूनं जायचं बंद करायचो. आदल्या दिवशीपर्यंत बांबू होता हे माहीत असूनही. आणि मिरवणुकीत मात्र सगळ्यात पुढं, सगळ्यात जोरात ओरडायचो. आजही मला समजत नाही की भेत होतो का नव्हतो. जास्वंदताई, तुमचा मुद्दा इथंही लागतो, काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई असं सांगतात. आहे बाईच.

मुद्दा एवढाच की ताईंनी मुलीला यंदा घेऊन जा, पण आधी पुतळा बनताना दाखवा.

पुण्याची_पाहुणी :
माहेर नागपूर, सध्या पुण्यात. मारबतीच्या आठवणीनं रडू आलं. इकडे असलं काही नाही हो. अवांतर झालं, पण प्लँचेट कोणी केलंय का? कॅरम बोर्डवर वाटी ठेवून? आम्ही हॉस्टेलमध्ये टिळकांना बोलावलं होतं, ते आले आणि शुद्धलेखनाच्या चुका करत बोलले.

तर्रीपोहा :
हसून हसून पुरेवाट. टिळक नव्हतेच ते, पाहिजे तर दहावी नापास भूत असेल.

धंतोलीचा_बाबू :
घरी बंगाली आई, मराठी बाबा, म्हणून लिहितो. बंगाल्यात भुताची पुस्तकं मुलांचाच प्रांत समजतात. मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी भुतं लिहिली. सत्यजित राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोरांनी, १९१३ ला मुलांसाठी संदेश मासिक काढलं, आणि त्यांच्याच एका गोष्टीत भुतांचा राजा दोन बेसूर पोरांना वर देतो, रायांनी त्यावर १९६९ ला गुपी गाइन बाघा बाइन हा सिनेमा केला, त्यातला भुतांचा नाच यूट्यूबवर शोधा आणि मुलीला दाखवा, आठ वर्षांना एकदम चालेल. आमच्याकडे माशाला भुललेली भुतं असतात, खिडकीतून हात घालून तळलेला मासा मागतात. आई सांगायची तेव्हा मी घाबरायचो पण माशाचा तुकडा पण ताटात बाजूला ठेवायचो, आला तर असावा म्हणून.

निळीशाई :
बाबू, सुंदर. आणि हो, मूळ प्रश्न बाजूला पडतोय म्हणून परत आणते. संत्राबर्फी, तुमच्या मुलीला खरी भीती हवी, केक नको, मराठीत हवं, तर माझं उत्तर वेताळ. विक्रम-वेताळाच्या गोष्टी. चांदोबा आठवतो ना? १९४७ ला तेलुगू-तमिळमध्ये सुरू झाला, मग आपल्याकडे आला, आणि त्यातलं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, शिवशंकरन यांनी काढलेलं, शंकर नावानं सही करायचे ते. स्मशान, रात्र, झाडाला लटकलेलं प्रेत, सगळं खरंखुरं भीतीचं. पण दर गोष्टीच्या शेवटी एक कोडं येतं आणि पोरगं भीती विसरून भांडायला लागतं. एका वेळी एकच गोष्ट, हवं तिथं थांबता येतं, वेताळ परत झाडावर जातो म्हणजे उद्या पुन्हा.

फक्त एक सांभाळा, मूळ कथासरित्सागरातली वेताळपंचविशी वेगळी आणि मुलांसाठी केलेली वेगळी. मूळ मुलांची नाहीच. तीन वर एकाच मुलीवर भाळतात ती गोष्ट आहे ना, त्यात एका घरात रडणाऱ्या बाळाला आईच विस्तवात टाकते आणि मग बाप मंत्रानं जिवंत करतो, तसं मूळात आहे. मुलांच्या आवृत्त्यांत ते बहुधा नसतं, तरी आधी वाचा.

डॉ_पिंपळपान :
ते विस्तवाचं नक्की गाळा. माझी शिफारस समजा.

संत्राबर्फी :
सगळ्यांचे आभार, अपडेट देते. वेताळ आणला. तीन वरांचीच गोष्ट वाचली, विस्तव गाळून. मुलगी मरते, एक जण तिच्या राखेजवळ स्मशानात झोपतो, एक जण अस्थी घेऊन गंगेला जातो, एक जण मंत्र शिकून येतो आणि ती जिवंत होते, तर ती बायको कोणाची? विक्रम म्हणतो जिवंत केलं तो बापासारखा, अस्थी नेल्या तो मुलासारखा, राखेजवळ राहिला तो नवरा. आमच्या बाईसाहेबांना हे अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं ती आत्ताच जिवंत झालीय तर आधी तिला विचारा ना कोण पाहिजे, आणि पाहिजे का तरी. मग नवऱ्याशी वाद, नऊला झोपणारी पोरगी साडेदहापर्यंत जागी, भीतीनं नव्हे, भांडणानं.

मात्र स्मशानात एकटं झोपायचं हे तिला लागलं थोडं. रात्री विचारत होती तिथं लाईट असते का. मी आहे म्हटलं, घाट सरकारी असतो, लाईट असते. झोपली.

सासऱ्यांना पण परवानगी दिली आहे. अट एकच, "मी पाहिलं" म्हणायचं नाही. पत्त्यावर काटोल रोड भाऊ आणि निळीशाईताईंचा निकाल लागला नाही म्हणून विहीर आपल्याच वावरातली ठेवली, पण ते वावर आता विकलंय हे तिला माहीत आहे.

जास्वंद_७ :
"आधी तिला विचारा ना"! पोरीला माझ्याकडून एक संत्राबर्फीचा डब्बा.

काटोल_रोड :
विकलेल्या वावरातलं भूत नव्या मालकाच्या नावावर फेरफार होतं का, तलाठ्याला विचारावं लागेल.

इतवारीचा_जुना :
जुने चांदोबा कोणाला पाहिजे असतील तर बर्डीला फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत कधी कधी मिळतात, भाव मात्र घासून करा. त्याला कळलं की तुम्ही लहानपणचं शोधून राहिले तर तो दुप्पट सांगतो. आणि प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून साइट आहे, तिथं मराठीत चित्रांची पुस्तकं फुकट वाचता येतात, आमची सून नातवाला तिथूनच वाचून दाखवते, अंधाराच्या भीतीवरची शोधून पाहा.

नवीन_सभासद_शेगाव :
पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझे मिस्टर एकोणचाळीस वर्षांचे आहेत, रात्री अकराला धारप घेऊन बसतात आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर मला उठवतात. त्यांना कोणतं पुस्तक द्यावं?

निळीशाई :
पुस्तक राहू द्या. उशाशी तांब्या द्या.